खोटे चार दिवस

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. पाऊस आवरतं घेतो, नवरात्र उरकतं, लोक दिवाळीच्या याद्या करायला लागतात, आणि वरून हे असलं ऊन. वारा मेलेला. घाम सुकत नाही की ओघळत नाही, नुसता चिकटून बसतो. शेजारच्या बाई म्हणतात, "काय हा उकाडा, जीव नकोसा झालाय." मी म्हणते, "हो ना बाई." पण खोटं कशाला बोलू, मला या दिवसांत जीव नकोसा वगैरे होत नाही. साठी उलटली, गुडघे वाजतात, डॉक्टरांनी जिने मोजून चढायला सांगितलंय, तरी दुपारचे साडेतीन वाजले की माझ्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं. पायांना अजून वाटतं, शिट्टी होईल.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे बाग आहे. तिथे मुली धावतात. मनगटावर घड्याळ, घड्याळात हृदयाचे ठोके, हातात पाण्याची बाटली. दोन फेऱ्या झाल्या की थांबतात, घोट घेतात, आकडा बघतात. परवा एक जण दम खात माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "आंटी, तुम्ही पण धावायच्या का? तुमची बसायची पद्धत तशी आहे." मी म्हटलं, "नाही गं, मी कुठली." ती गेल्यावर मला माझाच राग आला. एवढ्याशा गोष्टीतसुद्धा तोंडातून खरं निघत नाही, म्हणजे काय म्हणावं!

धावायचे मी. चांगली धावायचे. विक्रोळीला, पार्कसाइटच्या चाळीत राहायचो तेव्हा. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. बाबांची गिरणी बंद पडलेली. त्या चाळीत निम्म्या घरांत हीच तऱ्हा, घरात बसलेले पुरुष आणि शिलाई मशीनवर बसलेल्या बायका. आमच्या शेजारच्या खोलीत सुमन. सुमी. तिचेही वडील त्याच गिरणीतले, तिचीही आई मालवणकडचीच. मी एकोणीसची, ती माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. शाळेच्या मैदानात आम्ही दोघी सगळ्यांच्या पुढे असायचो. फक्त ती माझ्याही पुढे असायची.

आम्हाला हेरलं ते सरांनी. विक्रोळीतल्याच एका मोठ्या कारखान्यात ते टर्नर होते, आणि एके काळी स्वतः लांबचं धावलेले. त्यांनी येऊन दोन्ही घरांत सांगितलं की त्यांची कंपनी खेळाडूंच्या कोट्यातून मुली घेतेय. टाइम ऑफिसात नोकरी, कायमची. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी जागा एकच. दिवाळीनंतर निवडीची शर्यत, दहा किलोमीटर, जी पहिली येईल ती आत. माझ्या बाबांनी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दाढी केली. सुमीच्या बाबांनीही केली असेल, मी पाहिलं नाही.

सरांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची, म्हणून आमचा सराव त्या भर उन्हात. ते गळ्यात शिट्टी घालून सायकलवर, आम्ही पायी. हायवे ओलांडून मिठागरांच्या बांधावर उतरायचं, तिथून कांजूर, भांडुप, जमेल तितकं पुढे, आणि तसंच मागे. एका बाजूला कांदळवनाच्या चिखलाचा वास, दुसऱ्या बाजूला पांढरे चौकोन. सावली म्हणाल तर सरांच्या सायकलची. पाणी प्यायचं नाही हा त्यांचा कायदा. पाण्याने दम तुटतो, पोट डुचमळतं, कळ येते, असं ते ठामपणे सांगायचे, आणि त्या काळी सगळेच तसं मानायचे. चूळ भरायची आणि थुंकायची. सुमी थुंकताना डोळे मिटून घ्यायची. मी तिच्या गळ्याकडे बघत असायचे, गिळलं तर सरांना सांगायला. एकदा तिने गिळलं. मी सांगितलं. तिला तीन किलोमीटर जादा पडले. त्या दिवशी मला घरी छान भूक लागली, तेही सांगून टाकते.

दर शनिवारी सर आम्हाला भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करायचे. एका बाजूला पत्र्याचे डबे, लोखंडी सळ्या, आणि मध्ये आम्ही. "हलक्या व्हा. अंगावर ओझं घेऊन कुणी धावत नाही." आम्ही हलक्या झालो. आधी गाल गेले, मग दंड, मग छाती. रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मानेवर दोन बोटं ठेवून ठोके मोजायचे, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर. महिन्यामहिन्याला ठोके कमी होत गेले. सर म्हणाले, हृदय मोठं होतंय, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय, म्हणून सावकाश चालतंय. मला फार अभिमान वाटायचा. एवढ्याशा खोलीत सहा माणसं, त्यात माझं म्हणावं असं काही वाढत असेल तर ते छातीच्या आत.

शरीराला काय काय होत होतं! पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून निघून आलं, खालून कोवळं नवं. पहिल्या दोन किलोमीटरला छाती फुटायची, बरगडीखाली सुरी फिरायची, आणि मग एका ठिकाणी, बहुतेक कांजूरच्या आसपास, काहीतरी उघडायचं. श्वास आपला आपण यायला लागायचा. पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे चालायचे आणि आपण वर बसून बघायचं. ते सुख मला पुढे कशात मिळालं नाही, लग्नातसुद्धा नाही. परतताना दंडावर मीठ जमलेलं असायचं, बोटाने खरवडलं तर निघायचं. मिठागरातल्या बायका टोपल्या खाली ठेवून हसायच्या, "ह्या पोरींना काट्यावर घाला गं, किलोभर तरी निघेल." भूक अशी लागायची की भाजलेला शेंगदाणा सालीसकट जायचा. उन्हात धावून आलं तरी झोपताना पाय गार असायचे. आणि हातांवर बारीक लव आली होती, आधी नव्हती तशी.

मे महिन्यात माझी पाळी चुकली. जूनमध्येही आली नाही.

आता आमच्या घरातली पद्धत सांगायला हवी. कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसायचं. एका खोलीत बाजू कसली? दाराजवळ, चपलांच्या शेजारी चटई टाकायची, ताट-पेला वेगळा, कशाला हात लावायचा नाही, पाचव्या दिवशी न्हाऊन आत. चाळीची दारं दिवसभर उघडी, त्यामुळे कोण कधी बसलंय हे साऱ्या गॅलरीला ठाऊक. बायका येता-जाता बोलायच्याही, "या खेपेला चार दिवस आधीच गं तुझं?" धावायला जायला मात्र त्या दिवसांत आडकाठी नव्हती. रस्त्याला विटाळ लागत नाही, असं आई म्हणायची.

मी जूनमध्ये तारीख बघून गपचूप दाराशी चटई टाकली. काही झालेलं नव्हतं, नुसती बसले. जुनी फडकी काढली, मोरीत भिजवली, पिळली, साडीच्या आड दोरीवर घातली. आईला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी धावणं बंद केलं असतं, "वाळून काटकी झालंस, बस झाली ती नोकरी" म्हणत. म्हणून दर महिन्याला चार दिवस मी ते नाटक केलं. सांगायचं तर त्यात आरामच होता, पाणी भरायला नको, भांडी घासायला नको. कुणाला संशय आला नाही. मला भीती वाटायची, की आतून काहीतरी कायमचं वाळून गेलंय. पण पाय असे पळत होते की मी ती भीती रोज बांधावर टाकून यायचे.

गेल्या वर्षी पडले आणि मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाची मुलगी. म्हणाली, "हाडं फार पोकळ झालीत. तरुणपणी पाळी मध्येच बंद होती का कधी?" मी म्हटलं, "हो. चौदा महिने." जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. ती मान खाली घालून लिहीत होती. "धावायचा का तुम्ही? होतं तसं. खूप धावलं आणि खाणं कमी पडलं की शरीर एकेक खर्च कापतं. आधी तेच बंद करतं. मग हाडांना मिळायचं ते मिळत नाही. आम्हाला हे पुस्तकातच असतं." एवढं सोपं. तिने कागद फाडून हातात दिला, पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. एका वाक्याची गोष्ट होती ती, आणि आमच्या गॅलरीत एकालाही ते वाक्य येत नव्हतं.

नाही, हे अर्धं झालं. एकीला येत होतं. मला येत होतं.

सुमीने नाटक केलं नाही, कारण नाटक करणं तिच्या अंगातच नव्हतं. सरळ, आणि त्यामुळे जरा मठ्ठ, असं मी तेव्हा म्हणायचे. ऑगस्टपासून ती बसली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बांधावरून परतताना, सर सायकलवरून पुढे गेलेले बघून, तिने मला विचारलं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"शाले, एक विचारू? मला तीन महिने आली नाहीये. तुझी येते का गं?"

मी धावता धावता उत्तर दिलं. श्वाससुद्धा चुकला नाही.

"माझी येते की. वेळेवर."

"म्हणजे धावण्याने नाही होत ते?"

"छे! धावण्याने कसं होईल?"

ती पुढचे दोन किलोमीटर मागे मागे पडत राहिली. मी पहिल्यांदा तिच्या पुढे घरी पोचले. तिला कळ आली की मला दम यायचा, असं आमचं नातं होतं, आणि तरी एका ताटात जेवायचो. मी का तसं बोलले याचा चाळीस वर्षं विचार केलाय. आईला कळेल ही भीती होती, ते खरं. पण त्याहून खरं हे, की मला ती जागा हवी होती आणि ती घाबरली तर हळू धावेल हे मला त्या क्षणी दिसलं. दिसलं आणि मी बोलले. यात मखलाशी नको.

दसऱ्यानंतर सुमीच्या आईच्या लक्षात आलं. आधी गॅलरीतल्या बायकांच्या आलं, मग तिच्या. दुपारी दार लावून घेतलं होतं, जे आमच्या चाळीत कुणी लावायचं नाही. मारल्याचा आवाज भिंतीतून येत होता. लाटणं असावं. सुमी रडत नव्हती, एकच वाक्य म्हणत होती, "धावण्याने गेलीय गं आई, दुसरं काही नाही." मी भिंतीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होते. मग दार उघडलं आणि सुमीची आई, माझ्या काकी, बाहेर आल्या. गॅलरीत चार बायका उभ्याच होत्या, माझी आईही.

"शाले, हंय ये." मी गेले. सुमी मोरीच्या कठड्याला टेकून उभी, दंडावर वळ. काकी दुष्ट नव्हत्या हो. घाबरलेल्या होत्या. "तू पण हिच्यावांगडा धावतंस. जितक्या ही धावता तितक्याच तू. ही म्हणता धावल्यामुळे गेली. तुझी येता मां? देवाची शपथ घे आणि खरा सांग."

काकींनी अगदी बरोबर माणसाला विचारलं होतं. त्या चाळीत, त्या अख्ख्या विक्रोळीत, सुमीला वाचवू शकेल अशी मी एकटी होते. नुसतं "माझी पण गेलीय" म्हणायचं होतं. सुमी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"येते काकी," मी म्हणाले. "परवाच तर उठले मी."

"आमच्या शालूचा कधी इकडचा तिकडे नाय झाला," माझी आई मागून म्हणाली. तिच्या आवाजात मोठेपणा होता.

काकी जमिनीवर बसल्या. कपाळावर हात मारून घेतला. "कोणाचा ता सांग गो, सुमल्या. सराचा?" सुमीने मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खाली उतरले आणि सरावाला गेले. त्या दिवशी मी फार छान धावले. मिठावर ऊन चमकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उन्हाने, असं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चूळ भर आणि थुंक."

दोन दिवसांनी तिला घाटकोपरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, पोटात काही नाही, मुलगी अशक्त आहे, खायला घाला. पण तोवर चाळीत बोलून झालं होतं. डॉक्टरीण काय देव लागून गेली, असं म्हणायलाही लोक कमी नव्हते, आणि काही नव्हतं तर मारलं कशाला, असं विचारणारेही तेच. सुमीच्या बाबांना गॅलरीतून चालणं अवघड झालं. दिवाळीच्या आधीच तिला कणकवलीकडे आजोळी पाठवलं. जाताना ती माझ्या दाराशी थांबली नाही. तिचे धावायचे बूट काकींनी भंगारात दिले.

निवडीच्या शर्यतीत माझ्यासमोर तीन मुली होत्या, त्यातल्या दोघी अर्ध्यातच थांबल्या. मी पहिली आले. बाबांनी पेढे वाटले. त्यातला एक मी काकींना नेऊन दिला, कारण न देणं बरं दिसलं नसतं. त्यांनी तो हातात धरला, खाल्ला नाही.

फेब्रुवारीत काकी आमच्याकडे आल्या. दारात उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "आली गो तिची. दोन म्हयने झाले, सुरळीत. काय एक नव्हता." सुमीचं लग्न मार्गशीर्षातच लावून झालं होतं, बायको वारलेल्या, दोन मुलं असलेल्या माणसाशी, कारण दुसरं कोण मिळणार होतं. काकी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू शपथेवर सांगितलंस म्हणान माका वाटला..." आणि वाक्य तसंच सोडून गेल्या. मी त्या दिवशी दाराशी चटईवर बसले होते. चार दिवसांपैकी दुसरा दिवस.

नोकरी मी तीस वर्षं केली. टाइम ऑफिसात लोकांचे उशीर लिहिले. कंपनीसाठी चार वर्षं धावले, दोन ढाली आणल्या, मग पाय दुखावला आणि सुटलं. पाळी परत आली, लग्न झालं, मुलगा झाला. शरीर क्षमा करतं, असं मला वाटलं होतं. ते क्षमा करत नाही. ते हप्त्याने वसूल करतं, मनगटात, पाठीत, मांडीच्या हाडात. आणि मी म्हणते, घे. त्यात मला तक्रार नाही.

सुमी मला एकदाच भेटली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घाटकोपर स्टेशनबाहेर भाजीवाल्यासमोर. कडेवर दीड वर्षाची मुलगी, अंग सुटलेलं, पण पाय तेच. मीच हाक मारली. तिने भेंडी निवडता निवडता मान वर केली, हसली नाही, टाळलंही नाही.

"माहेरी आलीस?" मी विचारलं.

"आईला बरं नाहीये." मग भेंडी मोडून बघत ती म्हणाली, "तुझी पण बंद होती ना तेव्हा?"

मी समोरच्या ढिगातली एक भेंडी उचलली.

"जुन्या फडक्याला डाग राहतो गं शाले, कितीही धू. तुझी दोरीवरची महिन्यामहिन्याला पांढरी होत चालली होती. मला दिसत नव्हतं होय?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी म्हणाले. बघा माझी हिंमत. मी तिला जाब विचारला.

"तुझं आईने तुला विचारलं होतं," सुमी म्हणाली. "मला नाही."

भाजीवाल्याने तिच्या पिशवीत भेंडी ओतली. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, हात उगारेल, निदान रडेल तरी. मी त्यासाठी तयार होते, नव्हे, मला ते हवं होतं. तिने वेगळंच विचारलं.

"निवडीला किती मिनिटांत आलीस?"

"त्रेचाळीस."

तिने मनाशी काहीतरी मोजलं. ओठ हलले. आणि मग तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की मला बघवेना.

"त्रेचाळीस!" ती म्हणाली. "अगं, एवढ्या वेळात तर मी पोचून तुझी वाट बघत उभी राहिले असते."

"हो," मी म्हणाले.

ती वळली आणि गेली. मी तिच्या मागून चार पावलं टाकली, मग थांबले. हाक मारायला तिचं नाव होतं माझ्याकडे, पण त्याच्या पुढे बोलायला काही नव्हतं.